बेंजोतला घूं

रत्नागिरीच्या आसपासच्या वाडीत हळदीच्या रात्री जो बेंजो वाजतो, तो बेंजो नाहीच मुळी. अमेरिकेतला तो चामड्याच्या गोल तोंडाचा बँजो आणि आपला बेंजो यांचा नावापलीकडे काडीचाही संबंध नाही. आपला बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. लाकडाची लांबट पेटी, तिच्यावर टाइपरायटरसारखी बटणं, बटणांखाली पोलादी तारा. एका हाताने बटण दाबायचं, दुसऱ्या हातातल्या नखीने तार छेडायची. तारांखाली एक कॉइल बसवलेली असते, तिची वायर मशीनला (ॲम्प्लिफायरला आमच्याकडे 'मशीन' म्हणतात) आणि मशीनमधून कर्ण्याला. आणि मग गाणं सुरू व्हायच्या आधी, दोन गाण्यांच्या मध्ये, नवरदेवाचा मामा माइकवर आहेराची यादी वाचत असताना मागे जो सतत चालू असतो तो घूंऽऽऽ. मांडवात कुणालाच तो ऐकू येत नाही, इतका सवयीचा.

या घूंचा इतिहास लिहावा असं बरेच दिवस डोक्यात होतं. आता तुम्ही म्हणाल, हा काय विषय झाला? वाद्यांचे इतिहास असतात, वादकांचे असतात (बेंजोवाल्यांचे तेही फारसे कुणी लिहीत नाही), नको असलेल्या आवाजाचा कसला आलाय इतिहास! पण माझं मत उलट आहे. वाजवलेलं गाणं हवेत विरून जातं. घूं मात्र मशीन उघडलं की थराथराने सापडतो, आणि प्रत्येक थर कुठल्या ना कुठल्या काळातला निघतो.

सुरुवात जपानपासून करू. १९१२ साली नागोया शहरात मोरिता गोरो नावाच्या माणसाने दोन तारांच्या एका जुन्या जपानी वाद्याला टाइपरायटरसारख्या कळा बसवल्या. त्याच वर्षी सम्राट मेइजी वारले आणि ताइशो काळ सुरू झाला, म्हणून वाद्याचं नाव पडलं ताइशोगोतो. स्वस्त, हलकं, आणि मुख्य म्हणजे बोटाखाली सूर शोधत बसायची भानगड नाही. बटण दाबलं की सूर ठरलेला. पुढच्या काही दशकांत हे वाद्य बोटीत बसून बंदरं फिरलं. बाली-लोंबोकला पोचलं, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तारब गाण्यांत शिरलं, बलुचिस्तानात त्याचं 'बेंजू' झालं आणि हिंदुस्थानात बुलबुल तरंग. बलुची बेंजू आणि कोकणी बेंजो ही नावं इतकी जवळची आहेत की गंमत वाटते. किनाऱ्यावरच्या लोकांनी एकाच वस्तूला एकच चुकीचं नाव दिलं!

ते आपल्याकडे का रुजलं हे समजायला फार अक्कल लागत नाही. पेटी महाग, सनई शिकायला वर्षं जातात. बुलबुल तरंगावर दिवसभर गवंडीकाम करणारा माणूस दोन-चार महिन्यांत सिनेमातलं गाणं ओळखू येईल इतपत वाजवतो. मुंबईच्या गणपतीत आणि कोकणातल्या लग्नांत याच्या भोवती अख्खी पथकं उभी राहिली. (रवी जाधवांचा 'बँजो' नावाचा हिंदी सिनेमा २०१६ साली आला होता, तो याच मंडळींवर.) फक्त एक अडचण होती. या वाद्याचा मूळ आवाज खोलीभर पुरेल एवढाच. शेजारी ढोल-ताशा असेल तर बेंजोवाला वाजवतोय की नुसतीच बोटं हलवतोय हे त्याचं त्यालाही कळायचं नाही. म्हणजे वीज आलीच. आणि विजेबरोबर घूं.

पहिला थर कॉइलचा. पोलादी तारेखाली लोहचुंबक ठेवून त्याभोवती तांब्याची बारीक तार गुंडाळायची, वरची तार थरथरली की कॉइलमध्ये वीज निर्माण होते. ही युक्ती १९३१-३२ च्या सुमारास अमेरिकेत जॉर्ज बोशँप आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनी गिटारवर यशस्वी केली, पेटंट १९३७ साली मिळालं. युक्ती झकास, पण कॉइलला अक्कल नसते. तिच्या दृष्टीने थरथरणारी तार आणि मांडवातल्या ट्यूबलाइटचा चोक दोन्ही सारखेच. बदलतं चुंबकीय क्षेत्र दिसलं की ती बोलणार. १९५५ साली गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी त्यावर तोड काढली. दोन कॉइल उलट्या गुंडाळायच्या आणि त्यांचे चुंबकही उलटे ठेवायचे. तारेचा आवाज दोन्हींत मिळून वाढतो, बाहेरून आलेला घूं एकमेकांना खाऊन टाकतो. सुंदर! पण दोन कॉइल म्हणजे दुप्पट तांबं आणि दुप्पट मजुरी. मी पाहिलेल्या बेंजोंत एकच कॉइल होती.

ही घूं ओळखायची खूण सोपी आहे. वाद्य हातात धरून जागच्या जागी गोल फिरा. एका दिशेला घूं वाढतो, काटकोनात वळलं की पडतो. कॉइल आणि ट्रान्सफॉर्मर यांचं तोंड कुठल्या कोनात आहे त्यावर सगळा खेळ. अनुभवी बेंजोवाले मांडवात बसायची जागा निवडताना हेच करतात, फक्त त्याला चुंबकीय क्षेत्र वगैरे म्हणत नाहीत. "हिकडं नको, हिकडं गुणगुणतं," एवढंच.

दुसरा थर सरकारी विजेचा. कोयनेच्या जलविद्युत प्रकल्पाचं पाणी सह्याद्री पोखरून पश्चिमेला उतरवलंय आणि त्यावरचं वीजघर पोफळीला, म्हणजे आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यात आहे. पहिल्या टप्प्याची वीज १९६० च्या दशकात सुरू झाली. वीज जिल्ह्यात तयार झाली म्हणून ती वाड्यावाड्यांत लगेच पोचली असं मात्र नाही. दिव्याखाली अंधार ही म्हण इथे शब्दशः लागू पडते. तोवर गावातले कार्यक्रम बॅटरीवर.

लाउडस्पीकर म्हणजे मोठ्या सभांची गोष्ट होती. मुंबईच्या शिकागो रेडिओ कंपनीने १९३० च्या दशकात काँग्रेसच्या अधिवेशनांना ध्वनिक्षेपक पुरवले. १९४२ च्या गुप्त काँग्रेस रेडिओ प्रकरणात उषा मेहतांबरोबर या कंपनीच्या नानिक मोटवानींवरही खटला चालला होता. तो वेगळ्याच लेखाचा विषय आहे, असो. त्या काळच्या व्हॉल्व्हच्या मशीनला शेकडो व्होल्ट लागायचे. ते मोटारीच्या बॅटरीतून काढायला व्हायब्रेटर नावाची थडथडणारी डबी असे, तिचा स्वतःचा आवाज निराळाच. मग ट्रान्झिस्टर आले. २एन३०५५ हा जाडजूड, लोखंडी टोपीचा ट्रान्झिस्टर ज्याने पाहिला नाही त्याने जुन्या भारतीय मशीनची मागची बाजू पाहिलेली नाही. ही मशिनं बारा व्होल्टच्या बॅटरीवरही चालत आणि सरकारी विजेवरही. बॅटरीतली वीज सरळ असते, तिच्यात लाटा नसतात. म्हणजे गावात वीज येण्याच्या आधी ट्रान्झिस्टरच्या मशीनवर जे बेंजो वाजले ते जवळजवळ बिनघूंचे वाजले. पुढारलेल्या जमान्याची ही पहिली भेट म्हणायची.

आपली वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते. मशीनमधले डायोड तिच्या खालच्या अर्ध्या लाटा उलटून वर आणतात, त्यामुळे लाटा होतात शंभर. या लाटा सपाट करायचं काम फिल्टर कपॅसिटरचं. तो धड असेल तर सपाट वीज मिळते, वाळला असेल तर शंभर हर्ट्झचा घूं थेट कर्ण्यात. पेटीवाल्यांसाठी सांगायचं तर शंभर हर्ट्झ म्हणजे खालच्या सप्तकातली पांढरी पाच, किंचित चढी. आणि गंमत बघा, २००० च्या आसपास विजेचा तुटवडा इतका होता की ग्रिडची वारंवारता ४८.५ च्या घरात घसरायची. तेव्हाचा घूं ९७ हर्ट्झचा, म्हणजे पांढरी पाच किंचित उतरी. २००२ नंतर नवी दरपद्धत आली, ग्रिडला शिस्त लागली आणि महाराष्ट्रातले तमाम घूं थोडेसे वर सरकले. याची नोंद कुणी संगीततज्ज्ञाने घेतल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

हे सगळं नुसतं पुस्तकी राहिलं असतं, पण गेल्या मे महिन्यात आमच्या शेजारच्या वाडीतल्या पथकाचं जुनं मशीन माझ्या पुढ्यात आलं. "तू कॉम्प्युटरचं करतोस ना, मग बघ जरा," हे त्यामागचं तर्कशास्त्र. पथकाचे म्हातारे बेंजोवाले (सगळे त्यांना तात्या म्हणतात) स्वतः घेऊन आले. नवं मशीन घ्यायची पोरांची तयारी होती, पण तात्यांचं म्हणणं पडलं की नव्यात बेंजो पत्र्यासारखा वाजतो. ते खोटं नाही.

झाकण काढलं तर आत पेन्सिलने दोन तारखा. एक मे महिन्यातली, एक ऑगस्टमधली. लग्नसराई आणि गणपती! दुरुस्तीचाही हंगाम असतो. जुन्या मेकॅनिकनी केलेली ही नोंद म्हणजे आमच्या कोडमधली कमेंटच, फक्त जास्त प्रामाणिक. काही डाग चकचकीत, काही काळवंडलेले. खारी हवा आणि तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तांब्याच्या वायरवर हिरवा गंज चढलेला. इथे दगडसुद्धा काळे पडतात, तिथे डागकामाची काय कथा.

आम्ही सॉफ्टवेअरवाले बग शोधताना अर्धं अर्धं करत जातो. अर्धा कोड बंद करा, बग गेला का बघा. मशीनमध्येही तेच, आणि रेडिओ मेकॅनिक ते आमच्या आधीपासून करतायत. मशीन आधी सिरीज बल्बमधून चालू केलं (आत शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो, मशीन वाचतं). बेंजो काढला, आवाजाचं बटण शून्यावर आणलं. घूं तसाच. म्हणजे तो बटणाच्या पुढून येतोय, वाद्याचा आणि माइकचा दोष नाही. मग वीज काढून बारा व्होल्टची बॅटरी लावली. घूं गायब! म्हणजे गुन्हेगार वीजपुरवठ्यात. फिल्टर कपॅसिटर बघितला तर डोक्यावर फुगलेला. त्याच्या आतला ओलसर द्राव वर्षानुवर्षं उष्णतेने वाळत जातो. ढोबळ हिशोब असा की दर दहा अंश तापमान वाढलं की आयुष्य निम्मं, आणि मे महिन्यात पत्र्याच्या मांडवाखाली बंद पेटीत काय तापमान असेल ते सांगायला नकोच. नवा टाकला, निम्मं काम झालं. बटण फिरवताना येणारी खरखर आतला कोळशाचा पट्टा साफ केल्यावर बरीच कमी झाली. उरली कॉइलची गुणगुण, ती बेंजोवाल्याने फिरून बसून सांभाळायची.

(घरी करून बघणाऱ्यांसाठी: व्हॉल्व्हचं मशीन असेल तर प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तीन-चारशे व्होल्ट मुक्कामाला असतात. ते रेझिस्टरमधून उतरवल्याशिवाय आत बोट घालू नये.)

इथवर मजा होती. पण प्लगच्या वायरीत एक गोष्ट दिसली आणि मजा संपली. तीन वायरींपैकी हिरवी, म्हणजे अर्थिंगची, आत पत्र्याच्या चौकटीपाशी नीट कापून, टोकाला टेप गुंडाळून बाजूला ठेवलेली. तुटलेली नाही, कापलेली. कुणीतरी विचार करून केलेलं काम.

तात्यांना विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, "ती मीच काढायला सांगितली. ती लावली का घूं येतो."

"तात्या, अहो ती जिवासाठी असते."

"वीस वर्षं झाली तिला काढून. कुणाला काय झालं?"

याला उत्तर देण्याआधी तिसरा थर सांगायला हवा. तात्या म्हणतात ते अगदी बरोबर आहे, आणि तिथेच खरी गोम आहे. सुरुवातीला पथकात विजेवर चालणारी वस्तू एकच, मशीन. बाकी ढोल, ताशा, खुळखुळा. तेव्हा अर्थिंगची वायर असली तरी घूं यायचं कारण नव्हतं. मग कीबोर्ड आला, ऑक्टोपॅड आला (रोलँडचा पहिला १९८५ चा, आपल्याकडच्या वाडीत पोचायला अर्थातच बरीच वर्षं गेली), मागून मिक्सर आला. आता बेंजोच्या मशीनमधून एक वायर मिक्सरला जाते. मशीनची अर्थिंग एका बोर्डात, मिक्सरची दुसऱ्या बोर्डात, आणि दोघांना जोडणारी ऑडिओ वायरची जाळी. झालं मोठं वेटोळं तयार. मांडवभर पसरलेली एका वेढ्याची कॉइलच ती. त्यात विजेच्या वायरींचं क्षेत्र घुसतं, दोन अर्थिंगमधल्या दाबाचा फरक वाहू लागतो आणि खर्जातला पन्नास हर्ट्झचा घूं येतो. वेटोळं कुठेही तोडा, घूं जातो. सगळ्यात सोपी तोडायची जागा कोणती? प्लगमधली हिरवी वायर. पोरं तर नुसती तिसरी पिन उपटून टाकतात.

वायर कापल्यावरही मशीनच्या पत्र्याला अर्थिंग मिळत असतं, पण आडवाटेने, त्या ऑडिओ वायरच्या जाळीतून आणि मिक्सरमधून. वीस वर्षं काही झालं नाही ते त्या जाळीच्या कृपेने. ज्या दिवशी ती पिन निघते किंवा जाळी तुटते, त्या दिवशी पत्रा अधांतरी. पत्र्याला बेंजोच्या तारा जोडलेल्या, तारांवर तात्यांची बोटं, तात्यांचे अनवाणी पाय जमिनीवर. दुसऱ्या हातात माइक, जो मिक्सरच्या अर्थिंगला. आणि ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन खाऱ्या हवेत मुरलेलं. ओल्या अंगाचा विद्युतरोध हजार ओहमच्या आसपास धरला तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर. घरात जो संरक्षक स्विच लावतात तो ३० ला पडतो, यावरून काय ते समजा. गणपती येतात ते भर पावसाळ्यात.

हे कल्पनेतलं नाही. ३ मे १९७२ रोजी ब्रिटनमध्ये स्वॉन्सी इथे 'स्टोन द क्रोज' या बँडचा गिटारवादक लेस हार्वे याने स्टेजवर अर्थिंग नसलेला माइक धरला आणि तो तिथेच गेला. १९७६ च्या मे महिन्यात 'यार्डबर्ड्स'चा गायक कीथ रेल्फ घरी गिटार वाजवताना विजेच्या धक्क्याने गेला, तिथेही अर्थिंगचाच घोळ. ही नावं प्रसिद्ध माणसांची म्हणून आपल्याला माहीत. मांडवात कुणी गेलं तर 'शॉक लागून' एवढीच ओळ.

कोकणात यात आणखी एक भर आहे ती जमिनीची. आमचा सडा म्हणजे जांभ्याचा कातळ. पावसाळ्यात पाणी पितो, पण मार्च ते मे खडखडीत कोरडा, आणि कोरडा जांभा वीज सहज घेत नाही. अर्थिंगचा खड्डा खणून कोळसा-मीठ भरा, पाणी घालत राहा, तेव्हा कुठे तो कामाचा. मांडवातल्या जनरेटरची सळई तर कातळात दोन इंचही उतरत नाही, मग ती दगडाला टेकवून ठेवतात. नवसाला नारळ ठेवावा तशी. म्हणजे दोन बोर्डांच्या दोन अर्थिंगमधला फरक आमच्याकडे घाटावरच्या काळ्या मातीपेक्षा जास्त, म्हणून घूं जास्त, म्हणून हिरवी वायर कापायचा मोहही जास्त. भूगोल असा प्लगपर्यंत येऊन पोचतो.

तात्यांना हे सगळं सांगून काही उपयोग झाला नसता. त्यांना घूं नको होता, आणि त्यांचा मुद्दा रास्त होता. मी बेंजो मशीनला लावला, मिक्सरची वायर काढली आणि टेस्टर बेंजोच्या तारेला टेकवला. आतला दिवा मंद पेटला. खरं तर टेस्टर पेटला म्हणजे लगेच जीव जाईल असं नसतं, ट्रान्सफॉर्मरच्या किरकोळ गळतीनेही तो पेटतो, आणि हे मी त्यांना सांगितलंही. पण ते तारेकडे बघत राहिले. "हितं बोट असतं माझं," म्हणाले.

इलाज तसा जुनाच आहे आणि स्वस्तही. वेटोळं तोडायचं, पण अर्थिंगमध्ये नाही, ऑडिओच्या वायरीत. मशीन आणि मिक्सर यांच्या मध्ये एकास एक वेढ्यांचा छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर टाकला. त्यातून सूर चुंबकाच्या वाटेने पलीकडे जातो, तांब्याचा जोड राहत नाही. हिरवी वायर पुन्हा चौकटीला डागली. सगळी वाद्यं आणि मिक्सर एकाच बोर्डावर घ्यायचं ठरलं, त्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा स्विच बसवला. ट्रान्सफॉर्मर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पथकातल्याच एका चाकरमान्याने आणला. सगळ्याचा खर्च पथकाच्या एका सुपारीच्या पासंगालाही पुरणारा नाही.

चाचणी तात्यांच्या अंगणात झाली. दोन गाणी वाजली, मग सगळे थांबले आणि तात्यांनी कर्ण्याला कान लावला. घूं नव्हता. फक्त एक बारीक सूंऽऽ, पंख्याचा वारा लांबून ऐकू यावा तसा.

"हा कसला?"

हा रेझिस्टरमधल्या इलेक्ट्रॉनच्या धावपळीचा आवाज. बेल लॅबच्या जॉन्सननी तो मोजला, नायक्विस्टनी त्याचं गणित मांडलं, दोघांचे निबंध १९२८ साली छापले गेले. तापमान शून्याच्या खाली २७३ अंशांवर नेल्याशिवाय तो पूर्ण जात नाही. तात्यांना म्हटलं, हा राहणार. त्यांनी मान डोलावली आणि पोराला सांगितलं, मशीन आत ठेव, दव पडेल.